पडद्यावरचे सर आणि ह्यांचा पाय

रिकामे डबे कुणी मुद्दाम जमवत नाही, तरी फळीवर जमतातच. मंठ्याच्या दवाखान्यातल्या गुरुवारांचे किस्से माझ्याकडे तसेच साचलेत. सगळे ह्यांच्या पायाभोवतीचे, म्हणून सांगताना आधी महादेवाचं नाव घेते.

आमचे हे एसटीत कंडक्टर होते. साखर वाढलेली, डाव्या पावलाला जखम, काही केल्या भरेना. तेव्हा टेलिमेडिसिन नवीन होतं. दर गुरुवारी मोठे डॉक्टर सर शहरातून टीव्हीच्या पडद्यावर दिसायचे आणि इकडे तीन विद्यार्थी मिळून पेशंट बघायला शिकायचे. नीरज डॉक्टरकीचा, सुजाता नर्सिंगची आणि फिरोज व्यायाम देऊन चालायला लावणारा, फिजिओचा. पाय वाचतो का, एवढंच मला त्या पडद्याला विचारायचं असायचं.

* * *

पहिल्या गुरुवारी सरांनी विचारलं, "पेशंट कोण?"

नीरज म्हणाला, "डायबेटिक फूट, लेफ्ट, सर!"

"नाव?"

तिघं एकमेकांकडे बघायला लागले. तेवढ्यात हे कॅमेऱ्यापुढे वाकले, "सर, पायाच्या वर मी बी हाव!"

* * *

एकदा सर म्हणाले, "आज प्रत्येकानं दुसऱ्याचं काम सांगायचं."

नीरज म्हणाला, "नर्स म्हणजे डॉक्टर सांगतील ते करणारी."

सुजातानं लगेच सांगून टाकलं, "डॉक्टर येतात, 'हं' म्हणतात, जातात!"

फिरोज खुर्चीतून पडायचा राहिला. सर हसले नाहीत. "नीरज, आठ दिवस ड्रेसिंग तू करायचं."

पहिल्या दिवशी पट्टी सोडली आणि वास सुटला. नीरज तोंडावर हात धरून बाहेर पळाला. मोरीजवळून ओकण्याचा आवाज येत होता. हे मला म्हणाले, "जेवून आल्तं वाटतं लेकरू. उद्या उपाशी ये म्हणावं."

दुसऱ्या दिवशी तो आला. तिसऱ्याही दिवशी आला.

* * *

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. सर एकदम पडद्यात पुढे सरकले, "लाली घोट्याच्या वर कशी चढली? मागच्या वेळी नव्हती!"

नीरजचा चेहरा उतरला. फिरोज पोटरी चाचपतोय, सुजाता ताप बघतेय, मी महादेवाचा धावा करतेय!

मग सरच म्हणाले, "थांबा, मागची भिंतही लाल दिसतेय."

आदल्या दिवशी खंडेपूजनाला, अवजारांची पूजा करताना, मी दवाखान्यातल्या त्या कॅमेऱ्याच्या काचेलाही ओलं कुंकू लावलं होतं! सुजातानं ओढणीनं काच पुसली, "सर, उतरली लाली!"

सगळे हसले. हसून झाल्यावर सर म्हणाले, "आता खरी दाखवा." खरी घोट्याच्या वर नव्हती. पण पाऊलभर होती.

* * *

दर मंगळवारी ह्यांची साखर चढायची. नीरज म्हणाला, इन्सुलिन वाढवू. फिरोज म्हणाला, काका सोमवारी पाय हलवत नसतील.

"लेकरा, रोज हलवून राह्यलो की!" हे चिडले.

सुजातानं मला बाजूला घेतलं. "काकू, सोमवारी घरी काय असतं?"

"माझे सोळा सोमवार, बाई. ह्यांच्या पायासाठीच धरलेत. संध्याकाळी चुरम्याचा प्रसाद."

"आणि काका खातात?"

"प्रसादाला न्हाई म्हणावं का?" हेच मागून बोलले.

चुरमा म्हणजे कणीक, तूप आणि गूळ. भरल्या वाटीनं मीच वाढत होते. भूक नाही म्हणाले तर रागवत होते.

त्या गुरुवारी मी पदर तोंडाला लावून कोपऱ्यात बसले. सरांनी मला पुढे बोलावलं. "काकू, व्रत सोडू नका. काकांचा वाटा गाईला घाला." मग तिघांकडे वळून म्हणाले, "हे औषधाच्या चिठ्ठीत सापडलं नसतं. लिहून घ्या."

मी व्रत सोडलं नाही. मंगळवारची साखर उतरली. पण तोवर पायाची बोटं काळी पडली होती.

* * *

सोळावा सोमवार झाला आणि गुरुवार आला. सर म्हणाले, "पायाचं काय करायचं ते तिघं ठरवा. एकमत होईपर्यंत मी बोलणार नाही."

तिघं बाहेरच्या व्हरांड्यात गेले. बराच वेळ लागला. आत आले तेव्हा नीरज म्हणाला, "एकमत आहे, सर."

"मग काकांना सांगा."

नीरजनं सुजाताकडे बघितलं. सुजातानं फिरोजकडे. फिरोज म्हणाला, "सर, हे कुणी सांगायचं असतं?" सुजाता पट्ट्यांच्या ट्रेमधली कात्री इकडची तिकडे करत राहिली. नीरजनं दोनदा "काका" म्हटलं.

हे तपासायच्या पलंगावर बसले होते. थोडं सरकून त्यांनी जागा केली. "या, बसा इथं. तिघंबी." ते बसले. मला म्हणाले, "लेकरांला पाणी आण." मी आणलं. तिघांचं पिऊन होईपर्यंत हे थांबले. मग नीरजच्या गुडघ्यावर हात ठेवून सावकाश म्हणाले, "हे बघा, घाबरायचं न्हाई. पाय काढावा लागतोय."