अर्धी राहिलेली रहस्यकथा

चौथी शिकलेली मी घणसोली गावच्या वाचनालयात पुस्तकं द्यायचे. मिठागरावर काम करणारा एक माणूस आजारी पडला, तेव्हा त्याच्यासाठी रहस्यकथा न्यायला त्याची बायको यायची. शेवटची कादंबरी अर्धी राहिली आणि तो गेला.

दहाव्याला मीही खाडीवर गेले होते. कावळा पिंडाला शिवेना. काहीतरी इच्छा राहिली, असं सगळे म्हणाले. भावांनी पोरं सांभाळायचं वचन दिलं, तरी शिवेना. बायको माझ्याकडे वळली.

"त्या पुस्तकात खून कोनी केला गो? सांग लवकर!"

"मेहुण्यानं."

तिनं ते पिंडापाशी मोठ्यानं सांगितलं. कावळा जागचा हलला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

परतताना ती म्हणाली, "मंग त्यांना काय पायजे व्हतं गो?"

त्याला कोणतं पुस्तक आवडेल, एवढंच मला कळायचं.