गोधड्या वाळत होत्या

हे आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — कोण जाणे. पण ऐका.

घटस्थापना जवळ आली होती. आमच्याकडं घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढतात. पावसाचं भ्या, म्हणून सासूबाई सगळ्यांना घेऊन सोयाबीन काढायला गेलेल्या. घरी मी, गोधड्यांचा ढीग अन् धाकट्या जावेचं, सुरेखाचं, अंगावर पिणारं पोर. सकाळपासनं त्याला उलट्या-जुलाब. गल्लीतल्या आशाताईनं ओआरएसची पुडी देऊन बजावलं होतं, ओकलं तरी थांबून परत चमचा-चमचा पाजा. सुरेखाही जाताना तेच विनवून गेली.

पाजलं मी. ओकलं — धुतलेल्या गोधडीवर. परत पाजलं, परत तेच. हागलं ते वेगळंच. लई चीड आली हो, त्या एवढ्याशा लेकराची! मनात आलं, पोटात काही गेलंच नाही तर बाहेर काय येईल?

म्हणून — पाणी बंद केलं. उरलेलं मोरीत ओतलं. वाटी दिसली की ते झेपावायचं. मी वाटी आत नेऊन ठेवली.

संध्याकाळी सुरेखानं उचललं तर मान टाकलेली, डोळे खोल गेलेले. रडत होतं, पण डोळ्यात टिपूस नाही. ढोकीला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, पोटाचा व्हायरस आहे, पाणी हेच याचं औषध. पाजलं का?

"पाजलं की, दिवसभर," मी म्हणाले. सुरेखाच्या समोर.

सलाईननं पोर वाचलं. पण एवढं पाजूनही सुकलं कसं? सासूबाईंनी निकाल दिला — "हिचंच दूध बाधलं." डॉक्टर नको म्हणत असताना दूध तोडलं. सुरेखा न्हाणीत जाऊन दूध पिळून टाकायची, हुंदके द्यायची. मी दाराबाहेर उभी असायचे. एक वाक्य बोलायला काय लागतं? नाही बोलले.

पुढं तिला मुलगी झाली. तिला तिनं छातीशी धरलीच नाही, वरच्या दुधावर वाढवली. गेल्या महिन्यात त्या पोरीलाही जुलाब लागले. सुरेखानं तिला माझ्या मांडीवर ठेवलं अन् लांब सरकली.

"अक्का, तुमीच पाजा. तुमी होता म्हणून पोरगं राहिलं. माझा हात नको."

पोरगी आईकडं हात करून रडत होती. सुरेखा उंबऱ्यावर बसून नुसती बघत होती. मी तेव्हाही बोलले नाही.