ॲट्रॅक्टा टॅन्सीचं मागचं दार

आयर्लंडमधल्या कार्राकील गावात शेजारी मागच्या दाराची कडी उचलून सरळ आत येतात, "देव या घराचं भलं करो" असं पुटपुटतात आणि चुलीजवळची खुर्ची ओढतात. ल्यूक कॉली गेली चाळीस वर्षं असाच यायचा. दुपारी चारला, गुरांना गवत टाकून झालं की. यायचा तो खरं तर फिंटनकडे, ॲट्रॅक्टाच्या भावाकडे. दोघेही बिनलग्नाचे, दोघांनाही बोलायचा कंटाळा, त्यामुळे मैत्री घट्ट. फिंटन गेला, तरी ल्यूकचं येणं थांबलं नाही. एकाहत्तर वर्षांच्या ॲट्रॅक्टाला दिवसभरात जे एक माणूस दिसायचं, ते हे.

पहिली चोरी फिंटनला पुरायला नेलं त्याच दिवशी झाली. आयर्लंडच्या खेड्यांत कोण गेलं, प्रार्थना कुठल्या चर्चमध्ये, किती वाजता, हे रेडिओवर सकाळ-संध्याकाळ सांगतात. शेजारी ऐकतात तसे चोरही ऐकतात. म्हणून सगळे चर्चला गेले की एखादा शेजारी मयताच्या घरात बसून राहतो. त्या दिवशी ल्यूक बसणार होता.

"तू इथं चुलीपाशी ऊब घेत बसणार, आणि फिंटनला परक्यांनी खांदा द्यायचा?" ॲट्रॅक्टा त्याच्यावर डाफरली. "ऊठ, कोट घाल. चोरण्यासारखं आहे काय आपल्याकडे?"

होतं. लाकूड कापायचं यंत्र होतं, आईचं घड्याळ होतं, फिंटनचे न घातलेले बूट होते. पुढच्या खेपेला, गुरांच्या बाजाराच्या दिवशी, त्यांनी गरम पाण्याची तांब्याची टाकी उखडून नेली आणि घरभर पाणी केलं. तिसऱ्यांदा ती रविवारच्या प्रार्थनेला गेली होती. न्यायला काही उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी बशा फोडल्या आणि झाकून ठेवलेलं डुकराचं मांस उभ्या उभ्या खाऊन टाकलं. पोलीस सार्जंट आला, वहीत लिहून घेतलं, चहा घेतला, गेला. माणूस भला, पण एवढ्या मोठ्या टापूत त्याची एकच गाडी, आणि तीही बहुधा दुरुस्तीला.

त्यानंतर ॲट्रॅक्टानं घराबाहेर पडणंच सोडलं. प्रार्थना रेडिओवर ऐकायची. दुकानदार सामान फाटकाशी ठेवून जायचा. फिंटनची दुनळी बंदूक तिनं आपल्या नावावर करून घेतली. अर्जात कारण लिहिलं, कोल्हे. माणसांसाठी म्हणून परवाना मागितला तर देत नाहीत. मग एक दिवस तिनं गावातल्या वकीलबाईंना फोनवर सरळच विचारलं.

"घरात कुणी शिरलं आणि मी गोळी घातली, तर तुरुंगात जाईन का?"

"असं आधी विचारून ठेवायचं नसतं हो, मिस टॅन्सी," वकीलबाई हसल्या. मग गंभीर झाल्या. "स्वतःच्या घरातून पळून जा, असं कायदा म्हणत नाही. उभं राहता येतं. बळ वापरता येतं, पण प्रसंगाला साजेल एवढंच. आणि प्रसंग कसा होता हे ठरवताना, त्या क्षणी तुम्हाला मनापासून काय वाटलं ते धरतात."

"आणि मला वाटलं तेच चुकीचं असलं तर?"

"मनापासून वाटलं असेल, तर चुकीचं असलं तरी धरतात. पुढचं ज्यूरीतले बाराजण बघतात."

कायदा आपल्या बाजूनं आहे हे ऐकून कुणाला बरं वाटत नाही? तिनं ल्यूकला चहाबरोबर ही बातमी दिली.

"बाराजण?" ल्यूक म्हणाला. "आणणार कुठून? इथं मोजून नऊ उरलोत, त्यात एक तू."

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी ल्यूकला डोळे तपासायला शहरात जायचं होतं. पुतण्या गाडीनं नेणार होता. म्हणजे आज कुणी येणार नव्हतं. ॲट्रॅक्टा फिंटनच्या खोलीत त्याचे सदरे काढून बसली होती. साडेअकराला मागची कडी वाजली. मग पावलं. मग स्वयंपाकघरातला खण ओढल्याचा आवाज, आणि लगेच दुसरा.

आपले हात थरथरत नव्हते, हे तिला पुढे कितीदा तरी आठवलं. बंदूक भरलेलीच असायची. तिनं पायानं दार लोटलं. काळ्या जाकिटाची टोपी डोक्यावर ओढलेला एक माणूस पाठमोरा, खणात हात घालून उभा होता. चोरच, असं तिला मनापासून वाटलं. तसूभरही शंका नव्हती. बोट चापावर गेलं आणि चाप थोडा दबलाही.

माणूस वळला. त्याच्या हातात काड्यापेटी होती.

"गाडी फाट्यावरच मेली," ल्यूक म्हणाला. "पाऊस होता, म्हणून पुतण्याचं जाकीट चढवून चालत आलो. म्हटलं, चहा टाकावा." तो तिच्याकडे बघत नव्हता, नळ्यांकडे बघत होता.

"अरे, मला वाटलं..."

"हो हो. वाटणारच की." त्यानं काड्यापेटी हळूच खणात ठेवली, खण लावला. "गुरं बघतो जरा."

दुसऱ्या दिवशी चारला तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ॲट्रॅक्टा दोन कप मांडायची आणि एक तसाच उचलून ठेवायची. वकीलबाईंना विचारायची गरज नव्हती. चाप आणखी थोडा दबला असता, तरी कायद्यानं तिला बहुतेक सोडूनच दिलं असतं. मनापासून वाटलं होतं ना! हेच तिच्या घशाखाली उतरेना. ल्यूकला मारूनही लोक तिला बिचारी म्हणाले असते, आणि ते ऐकत ती या चुलीपाशी एकटी बसली असती. आत्ता बसली होती तशीच.

नवव्या दिवशी तिनं गोळ्या काढून बंदूक कपाटात कोंबली, कोट चढवला आणि कितीतरी महिन्यांनी घर सोडून निघाली. येऊ देत मेल्या चोरांना. ल्यूकचं घर दहा मिनिटांवर. वाटेत एक बंद घर, मग दुसरं बंद घर, मग मुलं ऑस्ट्रेलियात गेलेल्या म्हाताऱ्यांचं. काय बोलायचं ते ती जुळवत होती. शेवटी ठरवलं, काहीच बोलायचं नाही. आत जायचं, बसायचं, चहा मागायचा. ल्यूकला तेवढं पुरेल.

त्याच्या धुराड्यातून धूर निघत होता. ती मागच्या बाजूला गेली, कडी उचलली, दार ढकललं. दार हललं नाही. आतून अडसर घातलेला होता. ल्यूकच्या दाराला अडसर आहे, हेच तिला आजवर ठाऊक नव्हतं.

आत खुर्ची सरकली.

"कोण आहे?" आवाज दारामागून आला नाही. बाजूच्या भिंतीआडून आला.

"मी."

"मी कोण?"

"ॲट्रॅक्टा टॅन्सी," ती म्हणाली. "हात रिकामे आहेत माझे."