अक्काचा बंगाली सिनेमा

चांगला सिनेमा कोणता पाहावा, हे लोक मला अजूनही विचारतात. मी भरभरून सांगते. सगळ्यात चांगला जो पाहिला, त्याचं नाव मात्र कुणाला सांगत नाही.

हे वेड मूळचं माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं. मुंबईपासून नागपूरपर्यंत एक राज्य झालं त्या सुमारास आम्ही नांदुऱ्यात राहत होतो. दोघींना एकदम घरातून सोडत नसत. एकीनं थेटरात जाऊन यायचं आणि दुसरीला सांगायचं. अक्का सांगायला बसली की माझी तव्यावरची भाकर करपायची. पण शेवट ती कधीच सांगत नसे. "तो तुह्या डोळ्यानं पाह्य," म्हणायची.

मग तिला अमडापूरला दिलं. खातंपितं घर, कापसाची शेती, आणि सुनेनं सिनेमाचं नाव काढायचं नाही. सासूचं सोडा, भाऊजीही तसेच. त्या माणसाचा मला राग होता, आजही आहे.

मी अकोल्याला कॉलेजात गेले. तिथे काही हौशी मंडळी रविवारी सकाळी वेगळे सिनेमे आणत. त्यात एक बंगाली पाहिला. ना गाणी, ना मारामारी. नवरा शहरात कामाला गेलेला आणि बाई घरी त्याची वाट पाहते, एवढंच. तोच सगळ्यात चांगला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अक्का माहेरी आली तेव्हा निंबाखाली झोक्यावर बसून तिला तो सगळा सांगितला, अगदी ती बाई पीठ कसं चाळते इथपर्यंत. शेवटाशी आले तसा तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

"नको व. हा मी पाहीन. कसाही पाहीन."

पुढे दर आखाजीला ती विचारायची, तो कुठं लागला का. कुठला लागतो? अकोल्यातही पुन्हा आला नाही.

मग तिला कावीळ झाली. झाडपाल्याच्या औषधात दिवस गेले, आणि बुलढाण्याच्या दवाखान्यात आणलं तेव्हा ती हळदीसारखी पिवळी पडली होती. भाऊजी तिला पोचवून परत गेले. वेचणीचे दिवस आहेत, मजूर टिकत नाहीत, म्हणाले. मी उशाशी बसून राहिले. दुपारी तिनं डोळे उघडले.

"त्या बंगाली सिनेमाचा शेवट सांग आता."

"काऊन? बरी झाली का आपन दोघी जाऊ पाह्याले."

"सांग व."

तिला कळून चुकलं होतं. मी सांगितलं. बाई कणीक मळत असते. दाराची कडी वाजते. ती हात पुसते, उठते, दाराकडे जाते. दार उघडायच्या आधीच सिनेमा संपतो.

"कोन असते मंग?"

"दाखवतच नाही."

ती चिडेल असं वाटलं. अकोल्यात त्या शेवटावर मंडळी हमरीतुमरीवर आली होती. अक्का मात्र वॉर्डाच्या दाराकडे पाहत राहिली.

"तोच असन," ती म्हणाली. "येतेच तो. कामात अडकते मानूस."

त्याच संध्याकाळी ती गेली. निरोप मिळाल्यावर भाऊजी सकाळी बैलगाडी घेऊन आले. ती दाराकडे पाहत होती, हे मी त्यांना तिथेच सगळ्यांदेखत सांगितलं. ते गाडीच्या चाकाला धरून रडले. मला त्यांची कीव आली नाही.