जत्रेला गेलेल्या बाईची जागा

“मॅडम, सर्व्हेच्या दिवशी ही जागा रिकामी होती. विषय संपला.” नगरपरिषदेतल्या साहेबांनी फाइल मिटली.

माझा पारा चढला. पण ऑफिसात आवाज चढवायचा नाही, हे ट्रेनिंगमध्ये मीच शिकवते.

मालवणच्या बाजारात रस्त्याकडेला बसणाऱ्या बायकांना मी धंदा आणि कायदा दोन्ही शिकवते. कायदा सोपा आहे. आधी सर्व्हे, म्हणजे कोण कुठे बसतं याची पाहणी. त्यात नाव आलं की सर्टिफिकेट. मग कोणी उठसूट हाकलू शकत नाही.

सुलभाकाकी खाजं, म्हणजे गुळात घोळवलेल्या बेसनाच्या कांड्या, विकतात. जत्रांच्या हंगामात त्या गावोगाव फिरतात, आणि सर्व्हे नेमका तेव्हाच झाला. जागा गेली तर जत्रा संपल्यावर बसायचं कुठे? घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच. सुनावणीसाठी जत्रा सोडून आल्या होत्या, आणि माझ्या शेजारी नुसता पदर पिळत बसल्या होत्या.

“साहेब, हरकत घ्यायचा हक्क आहे. जागेवर येऊन बघा. तोवर मी हलत नाही,” मी म्हटलं.

शेवटी साहेब वैतागून बाजारात आले.

काकींच्या जागेशेजारी रजनी कोकम विकते. मध्यंतरी तिनेही खाजं ठेवलं, तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. साहेबांनी नेमकं तिलाच विचारलं, “ही जागा रिकामी होती ना?”

“होती.”

जागा सुटली तर फायदा हिचाच.

“मग तुम्ही का नाही पसरलात?”

“सायब, तिचो दगड आसा थंय.”

जत्रेला जाणारी बाई जागेवर दगड ठेवते. तो असेपर्यंत तिथे कोणी बसत नाही. हे मलाही तेव्हाच कळलं.

“कसला दगड? उचल रे तो,” साहेब शिपायाला म्हणाले. शिपाई वाकला, तशी रजनीच कडाडली, “हात लावू नको! सुलभाचो जागो तो. बोलणा नाय म्हणान काय तिचो जागो खाऊ?”

बाजारातल्या सगळ्या बायका उठून उभ्या राहिल्या. सुलभाकाकी रडायलाच लागल्या. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू? साहेबांनी सगळ्यांचे जबाब लिहून घेतले.

सर्टिफिकेट मिळालं. दोघींचं बोलणं अजून बंदच आहे.

आता ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी सांगते: कायदा पाठ करा, पण साक्ष शेवटी शेजारणीचीच लागते. भांडा खुशाल, फक्त तिच्या जागेवर बसू नका.