नमस्कार नंतर

आमचे फुटबॉलचे सर कारखान्यातून रिटायर झालेले. संध्याकाळी अधारतालहून स्कूटरवर येतात ते कडक इस्त्रीची पँट घालून. शिट्टी गळ्यात असते, पण वाजवतात टाळी.

आम्ही सगळ्या चाळिशीच्या बायका, फुटबॉल या वयात धरलेला. खेळताना कुणाला पाय लागला, की हात आपोआप तिला शिवून छातीशी जायचा. तेवढ्यात बॉल दुसऱ्या टीमकडे. अशानेच पहिली मॅच हरलो.

सर रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून स्वतःच बॉल घेऊन उभे राहिले.

"चलो, हिसकावा माझ्याकडून. नमस्कार नंतर."

"सर, तुम्हाला कसा पाय लावू?" मी म्हटलं.

"काहून? मी का देव आहो?"

महिनाभर आम्ही त्यांच्या नडग्यांवर शिकलो. परवाच्या मॅचमध्ये माझा पाय समोरच्या मुलीला लागला, हात उठला नाही, आणि बॉल माझ्याकडेच राहिला. मॅच संपल्यावर मी आधी तिला नमस्कार केला, मग सरांच्या पायाशी वाकले. त्यांनी पाय झटकन मागे घेतले.

"हळू, बेटा," ते म्हणाले, "अजून दुखून राहिले."