येते म्हणावं

आमच्या शेजारच्या बाईंसमोर कुणी 'जातो' म्हटलेलं चालत नाही. गॅसचं सिलिंडर टाकून निघालेल्या माणसालाही त्या गोठ्यातून ओरडतात, "अवो भाऊ, येतो म्हणावं!" तो बिचारा टेम्पोतून डोकं काढून 'येतो' म्हणतो, तेव्हाच त्या पुन्हा शेणात हात घालतात. 'जातो' म्हटलं की माणूस परत येत नाही, असं त्यांच्या मनात पक्कं बसलंय.

बारावी झालेली माझी मुलगी नर्सिंगला पुण्याला निघाली, तेव्हा शिनोलीच्या स्टँडवर सगळ्यांनी तिला नीट जेव, फोन कर, दर सणाला ये, असं बजावलं. पोरगी रडवेली झाली. एसटी आली तशी ती बाईंच्या पाया पडली आणि सवयीनं म्हणाली, "येते, आत्या."

"आज जाते म्हण."

मी हबकलेच. बाईंनी तिची बॅग धरून ठेवली. "म्हण की गं. सारखं मागं बगशील, तर तिथं जीव लागायचा न्हाई तुजा."

"जाते," पोरगी म्हणाली.

बाईंनी बॅग सोडली. एसटी गेली. मी आई असून मला एवढं धाडस झालं नसतं. बाईंनी हात पदराला पुसला आणि मला म्हणाल्या, "येते गं."